पावसाळ्यानंतरचं पुस्तकांचं कपाट: वास, बुरशी, कसर आणि तुमचे अनुभव

शिळोप्याची ओटी
गणपती गेले, ऊन पडलं, कपाट उघडलं की पुण्यातल्या निम्म्या घरांत तोच वास. ओल, खळ, जुना कागद. आजोळची आठवण म्हणून छान वाटतो, पण ती बुरशी असते बरं! धागा त्यासाठीच. कोणते उपाय टिकले, कोणते फसले ते लिहा.
सुरुवात करते. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीचं फावतं, आणि जुलै-ऑगस्टात इथे ८० सहज असते. म्हणून कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवायचं नाही, मागे चार बोटं जागा. खालचा कप्पा जमिनीपासून वीतभर वर. कप्प्यांत वर्तमानपत्र अंथरू नका, तो कागद आम्लधर्मी, ओलही धरून ठेवतो.

कसरतपटू
डांबरगोळ्या. संपला विषय.

खळ-पुठ्ठा
कसा संपेल? गोळ्यांनी कसर, म्हणजे कागद खाणारा किडा, थोडी लांब राहते, बुरशीला ढिम्म फरक पडत नाही. वास मात्र कागदात वर्षानुवर्षं, आणि बंद खोलीत तो हुंगत बसणं वाईटच. कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर सावलीत खडखडीत वाळवून, मलमलीच्या पुरचुंडीत. ओला पाला पानांत घातला की डाग पडलाच.
कसरीला हवा असतो स्टार्च. म्हणून ती पुस्तकाच्या पाठीकडून सुरू करते, खळ तिथे असते. बाइंडर खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात ते यासाठी. एक वाटी मैदा, पाच-सहा वाट्या पाणी. आधी थंड पाण्यात गुठळ्या मोडा, मग मंद आचेवर काचेसारखी दिसेपर्यंत ढवळा, उतरवल्यावर चिमूटभर मोरचूद. ही खळ फक्त कापडाला आणि पुठ्ठ्याला. पानांना बिनमोरचुदाची, नाहीतर पुढे कागद काळपटतो. भांडं पुन्हा स्वयंपाकात घेऊ नका, विष आहे ते.

डेक्कन क्वीन नाही राणी
फोनवरून लिहितेय, चुका माफ. उन्हात वाळवू नका!! पुठ्ठे वाकतात, शाई उडते. सावली + पंखा, पुस्तक उभं, पानं पंख्यासारखी उघडी. कुकर झाला, येते परत

नदीकाठ
पूर्ण भिजलेल्या पुस्तकाचं वेगळं असतं. १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटल्यावर पेठांत जसा गाळ शिरला, तसा गाळ असेल तर पुस्तक *मिटलेलंच* धरून स्वच्छ पाण्यात बुडवायचं, चोळायचं नाही. वाळला की गाळ निघत नाही. आर्ट पेपरवरचं, म्हणजे गुळगुळीत चकचकीत कागदाचं, चित्रांचं पुस्तक मिटून वाळलं की वीट होते. ते ओलं असतानाच प्रत्येक पानात प्लास्टिकचा कागद घाला. तेवढा वेळ नसेल तर पिशवीत घालून सरळ फ्रीझरमध्ये, सवडीने काढा. साधारण दोन दिवसांत बुरशी धरते, तेवढीच मुदत.

कसरतपटू
फ्रीझरमध्ये? कोळंबीशेजारी?

नदीकाठ
हो, कोळंबीची तक्रार नसते. कोरड्या पुस्तकातल्या कसरीसाठीही हाच इलाज. झिपच्या पिशवीत हवा काढून बंद, उणे १८ अंशाला दोन आठवडे. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर दव धरतं. किडा मरतो. बुरशी मरत नाही, झोपते फक्त.

टपालपेटी
सिलिका जेलबद्दल कुणीच नाही? दाराला फट असलेल्या लाकडी कपाटात त्याचा उपयोग शून्य, सगळ्या पुण्याची हवा सुकवायला निघाल्यासारखं. घट्ट झाकणाच्या डब्यात चालतं. निळे खडे गुलाबी झाले की ११०-१२० अंशांवर दोन तास तापवायचे. पण निळ्यात कोबाल्ट असतं, स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नको. नारिंगी घ्या.
आर्द्रतामापक स्वस्तातले खोटं बोलतात. तपासायला बाटलीच्या झाकणात मीठ, वर पाण्याचे थेंब, ओल्या वाळूइतपतच. झाकण आणि मापक हवाबंद डब्यात १२ तास. आकडा ७५ हवा. ७० आला तर कायम ५ मिळवून वाचा.

शुद्धलेखन
अवांतर: पोथीत चुकलेलं अक्षर झाकायला पिवळी हरताळ लावत आणि वर पुन्हा लिहीत. 'हरताळ फासणे' तिथलं. त्यात आर्सेनिक असतं. घरातल्या जुन्या पोथ्या हाताळल्यावर हात धुवा, बोटाला थुंकी लावून पान उलटणं तर नकोच.

डेक्कन क्वीन नाही राणी
अरे देवा, ते तर सगळेच करतात

खळ-पुठ्ठा
दिवाळी अंकांवाल्यांनो, पिना! गंज लागला की मधलं पान पिनेभोवती भाजल्यासारखं होऊन सुटतं. पिनेचे पाय बोथट सुरीने उभे करा, मागून काढा, त्याच भोकांतून सुती दोरा. सेलोटेप कुठेही नको. पट्टी गळून पडते, चिकटा पानात मुरतो आणि तपकिरी होतो.

पावणेदोन वाजता
बुरशी झटकायची कशी? ओल्या फडक्याने?

शिळोप्याची ओटी
नाही हो, ओल्याने ती पानात घुसते. आधी पूर्ण वाळवा. मग मास्क लावून गच्चीत, मऊ ब्रश, पाठीकडून बाहेरच्या दिशेने. दम्याच्या माणसाने हे काम घेऊच नये.

टपालपेटी
जुनं विकत घेणाऱ्यांसाठी: पुस्तक बहुधा १६ पानी फॉर्मांत (एकत्र दुमडलेल्या जुड्यांत) छापतात, म्हणून १७, ३३, ४९, ६५ ही पानं आधी बघा. फॉर्म गहाळ किंवा दोनदा बांधलेला असेल तर तिथेच कळतो. सालाऐवजी शके असेल तर ७८ मिळवा. आणि पाठ हुंगा. वासाचं एक पुस्तक कपाटात गेलं की शेजारी बाधतात. नवीन आलेलं पंधरा दिवस वेगळं ठेवा.

कसरतपटू
म्हणजे पुस्तकांनाही विलगीकरण. पुणे पुस्तक महोत्सव कधी हो यंदा?

शुद्धलेखन
२०२३पासून डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर भरतोय. तोवर कपाटात जागा करा.

पावणेदोन वाजता
मोरचूद मिळतं कुठे? अप्पा बळवंत चौकात?

खळ-पुठ्ठा
तिथे गाइडं मिळतील. शेतीच्या औषधांच्या दुकानात जा, पिकावर फवारायच्या बोर्डो मिश्रणाला घेतात तेच. थोडं मागाल तर दुकानदार विचारेल, द्राक्षबाग केवढी आहे?

पावणेदोन वाजता
तीन कप्पे, सांगते.