बारा लाखांपर्यंत कर नाही, पण वाचले नक्की कोणाचे?

ठाणेकरीण:
दिवाळीला भाऊ-वहिनी सांगलीहून आले होते. चकली मोडता मोडता भाऊ म्हणाला, "तुझा टॅक्स वाचला म्हणे." वाचला खराच. माझा पगार वर्षाला 12.75 लाख. 75 हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन (पगारदारांची सरसकट वजावट) गेलं की बरोबर 12 लाख उरतात आणि 2025 च्या बजेटपासून नव्या करप्रणालीत (दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत) त्यावर शून्य कर. याच प्रणालीच्या आधीच्या दराने सेस (करावरचा 4 टक्के उपकर) धरून 83,200 गेले असते. भाऊ फाउंड्रीत सुपरवायझर, पगार साडेसहा लाख. त्याला आधीही कर नव्हता, त्यामुळे वाचलं काहीच नाही. पीटीचे (प्रोफेशनल टॅक्सचे) 2,500 मात्र त्याचेही कापतात आणि माझेही तेवढेच. वहिनी हसून म्हणाली, "म्हणजे ज्याचं भागतंय त्यालाच वरून वाढप!" सरकारने यात साधारण 1 लाख कोटींवर पाणी सोडलं. ते असंच वाटायला हवं होतं का?

हिशेबी:
असहमत. जो इन्कम टॅक्स भरतच नाही, त्याचा कमी कसा करणार? आणि श्रीमंतांचं भलं झालं म्हणाल तर तेही नाही. सेस सोडून 24 लाखवाल्याचे 1 लाख 10 हजार वाचले आणि 50 लाखवाल्याचेही तेवढेच. उत्पन्नाच्या मानाने बघा: तुमचे जवळपास पावणेसात टक्के, 50 लाखवाल्याचे दोनच्या आसपास. नोकरदार मध्यमवर्गाला कधी नव्हे ते काही मिळालं, तर लगेच नाकं मुरडायची!

मिरजेचा:
टक्के राहू देत, हिशेबीराव. माझा भाचा सात लाखांवर आहे, त्याच्या हाती भोपळा. कर तोही भरतो की, फक्त आयटीआरमध्ये (इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये) दिसत नाही. साबण, टूथपेस्ट, बिस्किटं, सगळ्यावर 18 टक्के जीएसटी होता. ते 5 वर आलं 22 सप्टेंबर 2025 ला. सांगलीच्या वहिनींना खरी कपात तीच. तेच आठ वर्षं आधी केलं असतं तर?

हिशेबी:
मग झालंच ना तेही! ठाणेकरीणबाईंचे पैसे सोसायटीच्या कपाटात बसणार नाहीत. फ्रिज घेतील, घर रंगवतील. रंगारी काय बारा लाखवाला असतो?

ठाणेकरीण:
खरं सांगू? फ्रिज नाही घेतला. सगळे होमलोनच्या प्रीपेमेंटला गेले. रंगारी बँकेत बसत असेल तर पोचले त्याला. :)

ईएमआयग्रस्त:
इथे एक मजा कोणी बोलत नाही. माझाही पगार 12.75 होता. इन्क्रिमेंट 50 हजारांचं झालं, पेढे वाटले. करपात्र उत्पन्न 12.50 लाख. स्लॅबने (उत्पन्नाच्या टप्प्यांच्या दराने) कर 67,500 होतो, पण मार्जिनल रिलीफमुळे 12 लाखांच्या वर जेवढं, तेवढाच लागतो. म्हणजे 50,000. त्यावर 4 टक्के सेस, झाले 52,000. पगारवाढ पूर्ण गेली, वर पदरचे 2,000. पेढ्यांचे वेगळे.

हिशेबी:
एचआरला सांगून वाढीतली रक्कम एम्प्लॉयरच्या एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) वाट्यात वळवा. बेसिकच्या 14 टक्क्यांपर्यंत नव्या प्रणालीतही वजावट मिळते.

ईएमआयग्रस्त:
विचारलं. आमच्याकडे ती सोयच नाही.

निवृत्त_पुणे:
ज्येष्ठांसाठी एक सूचना. "बारा लाख फ्री" ऐकून आमच्या कट्ट्यावर एकाने म्युच्युअल फंड विकले. एफडीचं व्याज त्या बारा लाखांत चालतं, पण शेअर आणि इक्विटी फंडाच्या नफ्यावर खास दराने लागणाऱ्या कराला ही सूट नाही. एक वर्षाच्या आत विकलं तर 20 टक्के, नंतर सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा. बाकी चर्चा चालू द्या.

मिरजेचा:
मूळ प्रश्न राहिलाच. ठाणेकरीणबाई, वहिनींना मग काय सांगितलंत?

ठाणेकरीण:
काही नाही. चिवड्याचा डबा पुढे केला. जाताना भाचीच्या क्लासची निम्मी फी मी भरते म्हटलं, तर भाऊ रुसला. अजून फोनवर नीट बोलत नाही.