मदत हवी आहे : गट सोडणाऱ्या सदस्येचा हिशोब कसा करायचा?

ताईंनो, १२ जणींचा बचत गट, महिना २०० रुपये बचत, ५ वर्षं पूर्ण. बचत १,४४,००० आणि अंतर्गत कर्जाचं व्याज ३६,००० मिळून १,८०,००० रुपये. त्यातले बँकेत ४०,००० आणि सदस्यांकडे कर्जाऊ १,४०,०००. फिरता निधी (गटाला सरकारी योजनेतून मिळालेली रक्कम) यात धरलेला नाही, तो वाटायचा नसतोच.

एक ताई गट सोडताहेत. वाटा १५,०००, अंगावर कर्ज ६,०००, म्हणजे हाती ९,०००. पण दुसऱ्या एका सदस्येकडचे १८,००० आठ महिने थकलेत. ते बुडाले तर खरा निधी १,६२,००० आणि वाटा १३,५००. आज पूर्ण रक्कम दिली आणि वसुली झालीच नाही, तर सगळी तूट मागे राहिलेल्या अकरा जणींवर पडेल. गट सोडणाऱ्या ताईचे १,५०० कायमचे कापणंही मला अन्यायाचं वाटतं, कारण थकबाकीत तिचा काही दोष नाही.

आत्ता ७,५०० देऊन उरलेले १,५०० वसुलीनंतर द्यावेत का? तसं केल्यास ठराव कोणत्या शब्दांत लिहायचा? वैयक्तिक खातेवहीत त्या १,५०० ची नोंद कुठे दाखवायची? तिचं पासबुक तोवर चालू ठेवायचं की बंद करायचं? ज्यांनी असा हिशोब मिटवलाय त्यांनी कृपया सांगा.