गोडसे भटजींचा प्रवास संपत आला. यानंतर काय वाचावे?

मुक्कामपोस्ट यांचा प्रश्न:

गेले तीन आठवडे मी विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ वाचत आहे. पुस्तक फार मोठे नाही; मनात आणले असते तर दोन सुट्ट्यांत संपले असते. पण रोज रात्री दहा-बारा पाने झाली की मी मुद्दाम खूण घालून ठेवून देतो, कारण आता शेवटची पाने राहिली आहेत आणि ती संपू नयेत असे वाटते.

ज्यांनी हे वाचलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पेणजवळच्या वरसई गावचा एक कर्जबाजारी भिक्षुक १८५७ साली आपल्या काकांबरोबर उत्तरेकडे निघतो, कारण बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत आणि तेथे चांगली दक्षिणा मिळेल असे त्याच्या कानावर आलेले असते. वाटेत बंड पेटते आणि दक्षिणेसाठी निघालेला हा माणूस झाशीच्या वेढ्यात सापडतो. मिळवलेला पैसा लुटीत जातो. घरी परतताना त्याच्याजवळ उरते ती आईवडिलांना स्नान घालण्यासाठी आणलेली गंगेची कावड.

मला सर्वांत जास्त भावले ते त्यांचे सांगणे. पराक्रमाचे वर्णन करण्याची हौस त्यांना नाही. जेवण कोठे मिळाले, दक्षिणा किती पडली, कोणत्या घरात किती माणसे लपली होती, हे ते त्याच सुरात सांगतात ज्या सुरात तोफांविषयी सांगतात. झाशी सोडून निघालेली राणी त्यांना काळपीच्या वाटेवर एका विहिरीपाशी भेटते, तो प्रसंग मी चार वेळा वाचला. धुळीने भरलेली, तहानलेली राणी. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात, पण विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी शेंदू नये म्हणून ती स्वत:च दोर हाती घेते. एवढ्या एका मडकेभर पाण्याने राणी जितकी जवळ येते, तितकी ती घोड्यावरच्या कोणत्याही चित्रातून मला कधी जवळ आलेली नव्हती.

आवृत्तीविषयीही एक गोष्ट नोंदवतो. चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ साली हे पुस्तक प्रथम छापले, तेव्हा त्यांनी भाषा बरीच सफाईदार केली आणि मजकुरातही फेरफार केले. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदार यांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९६६ साली आली. मी ती वाचनालयातून आणली आहे. आधीच्या कोणा वाचकाने तिच्या समासात पेन्सिलीने मुक्कामांची गावे ओळीने लिहून ठेवली आहेत. पुस्तकावर लिहू नये, या मताचा मी आहे, पण या अनोळखी माणसाचे मात्र आभार मानतो.

आता प्रश्न. माझ्या कपाटात ‘तुंबाडचे खोत’चे दोन्ही खंड गेल्या वर्षापासून वाट पाहत आहेत, परंतु या पुस्तकानंतर लगेच कादंबरीकडे वळावेसे वाटत नाही. लेखक होण्यासाठी न लिहिणाऱ्या माणसाने लिहिलेले आणखी काही वाचायचे आहे. तुम्ही सध्या काय वाचत आहात, पुढे काय घेणार आहात, आणि माझ्या या भुकेला काय सुचवाल? पंचवीस नावांची यादी नको. एकच पुस्तक सांगा, पण का ते सांगा.

---

सोनचाफा:

मी सध्या लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ दुसऱ्यांदा वाचत आहे आणि तुम्हालाही तेच सुचवीन. शाळेच्या पुस्तकात आपण सर्वांनी त्यातला एखादा उतारा वाचलेला असतो आणि त्यामुळे ‘हे झाले आहे’ असा समज करून घेतलेला असतो. माझाही तोच होता.

तुमच्यासाठी खास कारण असे की, या पुस्तकाच्या सुरुवातीच्याच पानांत १८५७ येते. लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना त्या धामधुमीत फाशी झाली आणि तेव्हापासून त्यांच्या वडिलांच्या डोक्यात सोवळ्याने घर केले, असे त्या सांगतात. गोडसे भटजींनी जे बंड रस्त्यावरून पाहिले, त्याचा एक तुकडा नाशिकजवळच्या जलालपुरात एका घरात येऊन पडतो आणि पुढची कित्येक वर्षे त्या घरातल्या बायका धुण्या-शिवण्याच्या जाचात काढतात. एवढा भयंकर विषय, पण सांगणारी बाई हसते आहे, आपल्यालाही हसवते आहे, आणि हसू ओसरल्यावर आपल्या लक्षात येते की त्या मुलीचे बालपण किती कठीण गेले असेल.

नारायण वामन टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतरची ताटातूट, नातेवाइकांचा राग, पुन्हा एकत्र येणे आणि मग स्वत: लक्ष्मीबाईंचे मन हळूहळू बदलत जाणे, हा भाग मी पहिल्या वाचनात घाईने उरकला होता. या वेळी जाणवले की त्या कोठेही आपण मोठा निर्णय घेतला असे सांगत नाहीत. सोवळे त्यांच्या अंगावरून एकेक घडी करून उतरते. पुस्तक १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. संक्षिप्त आवृत्तीही मिळते, पण ती घेऊ नका. या पुस्तकाची गंमत आडवळणांत आहे आणि संक्षेप करणारा प्रथम आडवळणेच कापतो.

यानंतर रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ वाचणार आहे. ते १९१० सालचे आहे, म्हणजे खरे तर आधी वाचायला हवे होते.

---

तिरकी रेघ:

कादंबरी नको, असे तुम्ही म्हटले आहे, तरीही मी कादंबरीच सुचवतो. नंदा खरे यांची ‘अंताजीची बखर’ (१९९७) मी सध्या वाचत आहे. अंताजी नावाच्या अठराव्या शतकातल्या एका माणसाने आपली हकीकत लिहून ठेवली आहे, असा घाट लेखकाने घेतला आहे आणि मराठ्यांच्या बंगालवरील स्वाऱ्या त्यात मराठी अभिमानाला न परवडणाऱ्या बाजूने दिसतात. अंताजी शूर नाही. पोटापाण्याचा हिशेब त्याच्या मनातून कधी जात नाही. म्हणजे वरसईच्या भटजींचा तो थोडा लुच्चा, थोडा अधिक शहाणा असा चुलतभाऊच आहे.

तुम्हाला जे खरेपण भटजींत सापडले, ते एका स्थापत्य अभियंत्याने विसाव्या शतकाच्या अखेरीस कसे रचले, हे पाहणे मला तरी मूळ कागदपत्र वाचण्याइतकेच रंजक वाटते. त्यानंतर त्यांचीच ‘बखर अंतकाळाची’ (२०१०) घेणार आहे.

सोनचाफा, संक्षिप्त आवृत्तीविषयी मी असहमत आहे. माझ्या आईने पंचाहत्तरीत तीच वाचली आणि ती नसती तर तिने हे पुस्तक हातातही धरले नसते.

---

आषाढमेघ:

माझे वाचन फार हळू आहे. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) मी दर वर्षी ज्या महिन्याचे प्रकरण त्याच महिन्यात वाचते आणि या नियमाला आता सहा वर्षे झाली. चैत्राचे प्रकरण वैशाखात वाचून पाहिले होते. ते नुसते सुंदर गद्य वाटले. चैत्रातच वाचले तर मात्र खिडकीतून उठून झाडाखाली जावे लागते. सध्या आषाढ चालू आहे. पुढे काय वाचणार, या प्रश्नाचे माझे उत्तर अर्थातच श्रावण.

---

मुक्कामपोस्ट:

आषाढमेघ, तुमचा नियम मी उसना घेतो. तिरकी रेघ, अंताजीची नोंद केली आहे, पण भटजींच्या पाठोपाठ त्यांचा रचलेला चुलतभाऊ आणला तर दोघांवरही अन्याय होईल अशी भीती वाटते. मध्ये थोडे अंतर जाऊ द्या. ‘स्मृतिचित्रे’ १८५७ पासून सुरू होते हे मात्र मी साफ विसरलो होतो.

---

रुमालातली पोथी:

मी एका तालुक्याच्या गावी वाचनालयात काम करतो, त्यामुळे मी काय वाचतो यापेक्षा लोक काय परत आणतात हे मला जास्त ठाऊक असते. असो. मी सध्या बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ वाचत आहे. लेखक होण्यासाठी न लिहिलेले पुस्तक हवे असेल, तर याच्याइतके ते वर्णन लागू पडणारे पुस्तक मला दुसरे आठवत नाही. फलटणला आपल्या लहानशा दुकानात बसून त्यांनी हे लिहिले आणि घरच्यांच्या हाती पडू नये म्हणून अनेक वर्षे लपवून ठेवले. मॅक्सीन बर्नसन या फलटणमध्ये राहणाऱ्या अभ्यासक बाईंच्या आग्रहाने ते बाहेर आले. आधी ‘स्त्री’ मासिकात आणि मग १९८६ साली पुस्तकरूपाने ते प्रसिद्ध झाले.

यात ‘मी’ फार कमी आहे. वीरगावच्या महारवाड्यातली माणसे, त्यांचे उपाशी दिवस, अंगात येणारी दैवते, सासुरवाशिणींचे हाल आणि बाबासाहेबांच्या हाकेने उठून उभी राहिलेली पिढी, हे सगळे ‘आमचे’ म्हणून येते. म्हणूनच आत्मचरित्र म्हणून उघडलेल्या वाचकाला सुरुवातीला चुकल्यासारखे वाटते. थोडा धीर धरावा.

वर आषाढाचा विषय निघाला म्हणून एक सांगतो. या पुस्तकातही आषाढ आहे. वर्षभर शिळ्या तुकड्यांवर जगणाऱ्या वस्तीला त्या महिन्यात देवीच्या निमित्ताने गोडधोड मिळते, घरे सारवली जातात, डोक्याला तेल लागते. दुर्गाबाईंचा मेघांचा आषाढ आणि हा तेलाच्या बोटाचा आषाढ मी योगायोगाने एकाच आठवड्यात वाचले आणि दोन्ही पुस्तके मला त्यामुळे वेगळी दिसली. आषाढमेघ, तुमच्या नियमात न बसणारे हे एक पान या महिन्यात वाचून पाहावे, अशी विनंती.

यानंतर मी काय वाचणार हे माझ्या हातात नाही. दिवाळी अंकांची नोंदणी आणि मांडणी सुरू झाली की दोन महिने स्वत:चे वाचन बंद असते.

---

दूरदेशी:

मी टोरांटोजवळ राहते. येथे मराठी पुस्तक मिळवायचे म्हणजे भारतातून येणाऱ्याच्या सामानात दोन किलोंची जागा मागायची, आणि लोणच्याशी स्पर्धा करून ती मिळवायची. त्यामुळे माझी निवड वजनाने ठरते. ‘तुंबाडचे खोत’ कोणी आणून दिले, तर त्याच्याशी मी आयुष्यभर सलोखा ठेवीन.

येथे ज्या पुस्तकांची नावे निघाली त्यांतली तीन माझ्या मुलीने इंग्रजीत वाचली आहेत. तिला मराठी बोलता येते, पण वाचताना दमछाक होते. गोडसे भटजींचा अनुवाद प्रिया आदरकर आणि शांता गोखले या दोघींनी केला आहे, पूर्ण ‘स्मृतिचित्रे’ शांता गोखले यांनी इंग्रजीत आणली आहे आणि ‘जिणं आमुचं’ माया पंडित यांनी. मी मूळ मराठी वाचते, ती अनुवाद, आणि रविवारी फोनवर आम्ही जिथवर पोहोचलो असू तिथवर बोलतो. सोवळ्याला इंग्रजीत काय म्हणावे यावर आमचा एक पूर्ण रविवार गेला. शेवटी तिने तो शब्द तसाच ठेवावा असे सुचवले आणि मी सुटकेचा श्वास सोडला.

सध्या आम्ही दोघी टिळकांच्या ताटातुटीपर्यंत आलो आहोत. पुढचे पुस्तक तिने निवडायचे आहे.

---

किल्ल्याजवळचा:

मी बेळगावचा, तेव्हा जी. ए. कुलकर्णी यांचे नाव मी घेणार, हे कोणीही ओळखले असेल. पण कथांचे नव्हे. ‘माणसे: अरभाट आणि चिल्लर’ वाचत आहे, जे त्यांच्या मृत्यूनंतर १९८८ साली प्रसिद्ध झाले. ‘काजळमाया’ किंवा ‘पिंगळावेळ’ वाचताना ज्या माणसाची धास्ती वाटते, तोच माणूस येथे लहानपणीची माणसे आठवत बसला आहे, आणि त्या आठवणींतल्या गल्ल्यांतून मी रोज भाजी आणायला जातो. मूळ प्रश्नात हे बसत नाही, कारण लिहिणारा पुरता लेखक होता. तरीही सांगितल्यावाचून राहवले नाही.

पुढे त्यांच्या पत्रांचे खंड. पहिला खंड सुनीता देशपांडे यांना लिहिलेल्या पत्रांचा आहे. तो एकदा अर्धवट सोडला होता, कारण दुसऱ्याची पत्रे वाचताना मला अवघडल्यासारखे होते.

---

मुक्कामपोस्ट:

भटजी काल रात्री घरी पोहोचले. कावड उतरली, आईवडिलांना गंगास्नान झाले. पैसा गेल्याची खंत ते करतात, पण कावड पोहोचल्याच्या समाधानापुढे ती फिकी पडते. मी पुस्तक मिटून बराच वेळ दिवा न मालवता बसलो होतो.

आज सकाळी पोतदारांची प्रत परत करायला गेलो आणि ‘स्मृतिचित्रे’ मागितली. पूर्ण आवृत्तीची एकुलती प्रत बाहेर गेलेली आहे, पुढच्या गुरुवारी येईल. संक्षिप्त आवृत्ती समोर होती. सोनचाफा, मी तिला हात लावला नाही. ‘जिणं आमुचं’ मात्र मिळाले. आषाढाचे अजून नऊ दिवस बाकी आहेत, त्यामुळे रुमालातली पोथी यांनी सांगितलेल्या पानांपासून आज रात्री सुरुवात करतो. रमाबाईंच्या आठवणींची प्रत तेथे सापडली नाही. सोनचाफा, तुम्ही कोणती आवृत्ती घेणार आहात तेवढे कळवा.