मदत हवी आहे: आवे वेरुम, स्पीड किती आणि पट्टी कुठली?

सोप्रानो_वसई
आमचा कॉयर कॉर्पस ख्रिस्तीच्या (पवित्र ख्रिस्तशरीराच्या सणाच्या) मिस्साला आवे वेरुम हे लॅटिन भक्तिगीत म्हणणार आहे, सण तोंडावर आलाय आणि गाडं तिथेच अडलंय. मास्तर म्हणतात वर आडाजिओ लिहिलंय म्हणजे सावकाशच, आणि इतकं सावकाश की ओळ एका श्वासात पुरत नाही, सगळ्यांचे सूर उतरतात, त्यात कीबोर्डवाल्याने ट्रान्सपोज दाबून पट्टी खाली घेतलीय. आता ते मयताचं गाणं वाटायला लागलंय. स्पीड आणि पट्टी एवढंच सांगा, प्लीज लवकर.

बास_बोरिवली
कुठलं आवे वेरुम? बर्डचं आहे, मोझार्टचं आहे, एल्गारचं आहे, तीन संगीतकारांच्या तीन वेगळ्या चाली. आणि साथीला फक्त कीबोर्ड का?

सोप्रानो_वसई
मोझार्टचंच हो, आमच्याकडे दुसरं कोण म्हणतं.

रेकॉर्डवेडा_दादर
सुंदर निवड! हे 17 जून 1791 चं, व्हिएन्नाजवळच्या बाडेनमधलं. बायको तिथे उपचाराला राहिली होती, तिथल्या पॅरिश चर्चचे कॉयरमास्तर आंटोन श्टोल मित्र, त्यांच्यासाठी लिहिलं आणि तेही कॉर्पस ख्रिस्तीसाठीच. त्याच वर्षी 5 डिसेंबरला मोझार्ट गेला. रेक्विएम (मृतांसाठीचा मिस्सा) अर्धवट राहिलं ते त्याच्या हाताखालच्या झ्युसमायरने पुरं केलं, आणि सालिएरी या दुसऱ्या संगीतकाराने विष दिलं ही निव्वळ दंतकथा आहे, कृपया पसरवू नये.

सोप्रानो_वसई
विषाचं कोणी विचारलंय का 🙏 स्पीड सांगा ना.

टेनर_नाशिक
मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 60 वर लावा आणि म्हणा. आम्ही कायम तसंच म्हणतो.

बास_बोरिवली
60 कशाला, क्रोचेटला (एका मात्रेच्या सुराला) की मिनिमला (दोन मात्रांच्या)? असं अर्धवट सांगू नका. मोझार्टने आकडा दिलेलाच नाही, देणार कुठून, मेल्त्सेलच्या मेट्रोनोमचं पेटंटच 1815 चं. ताई, तुमच्या कागदावर सुरुवातीला नुसता सी छापलाय की त्यातून उभी रेघ गेलीय? आणि पूर्ण म्हणायला किती वेळ लागतो?

सोप्रानो_वसई
साडेचार मिनिटं लागतात. आमचा कागद झेरॉक्सची झेरॉक्स आहे, मास्तरांकडचा बघून सांगते.

टेनर_नाशिक
क्रोचेटला 60, उघड आहे. सगळे मिळून 46 बार (आवर्तनासारखे भाग), बारला चार क्रोचेट म्हणजे 184, तीन मिनिटांत संपतं. तुम्ही जेमतेम 40 ने चाललाय, त्याने श्वास कुणाचाही संपेल.

गायकी_सांगली
माझं मत वेगळं आहे. पांढरी दोनला सा धरा. दुसऱ्या 'आवे' शब्दावर सोप्रानोला (सगळ्यात वरच्या आवाजाला) प, तीव्र म, शुद्ध म असे लागोपाठ येतात. दोन्ही मध्यम आले म्हणजे हा बिहागच! मुलींना महिनाभर बिहागचे आलाप द्या, भाव आपोआप येईल.

बास_बोरिवली
अहो, बिहागात दोन्ही मध्यम असतील, पण इथे खाली आल्टो, टेनर, बास हे बाकीचे आवाज हलतायत आणि तो तीव्र मध्यम त्यांच्या सुरांशी बांधलेला आहे. एकटी सोप्रानो काढून तिचा राग ठरवता येत नाही. आणि सण तोंडावर असताना महिनाभर आलाप?

गायकी_सांगली
सूर तो सूरच, व्हिएन्नात लागो की मिरजेत.

सोप्रानो_वसई
थांबा थांबा, सूर उतरतो तो नेमका याच जागेवर!! आणि मास्तरांचा कागद बघितला, सीमध्ये उभी रेघ आहे, आमच्या झेरॉक्समध्ये ती उडालीय. व्हायोलिनवाले दोघे पण आहेत, ते सांगायचं राहिलं.

बास_बोरिवली
मग झालं की! रेघ आहे म्हणजे बारला दोनच ठोके, हात चारदा नाही, दोनदा हलवायचा. आडाजिओ त्या मोठ्या ठोक्याला लागतो, म्हणून गाणं शांत राहून चालतं राहतं. क्रोचेटला 56 ते 60 च्या आसपास ठेवा पण मोजा दोनात. सुरुवातीला सोत्तो वोचे लिहिलंय, म्हणजे दबक्या आवाजात, रडक्या नाही. शोक आणायचाच तर कुयुस लातुसच्या ओळीत आणा, येशूच्या कुशीतून पाणी आणि रक्त वाहतं तिथे सूर एफ मेजर या दुसऱ्या पट्टीकडे वळतो, त्या वळणातच सगळं आहे, वेग कमी करायची गरजच नाही. पुढे एस्तो नोबिस या ओळीला बायका आधी आणि पुरुष मागून येतात, तिथे घाई करू नका.

पट्टी डी मेजर म्हणजे पांढरी दोन. ट्रान्सपोज काढा, व्हायोलिनच्या मोकळ्या डी आणि ए तारा याच पट्टीत घुमतात.

ऑर्गन_पुणे
ट्रान्सपोज काढाच असं नाही. त्या काळी सूरच आजच्यापेक्षा खाली लावायचे, त्यामुळे अर्धा सूर उतरवला तर मोझार्टचा अपमान होत नाही.

बास_बोरिवली
मग व्हायोलिनवाल्यांनी तारा उतरवायच्या का? आणि खाली घेतलं की बास तळाशी जातो, आमचं काय?

सोप्रानो_वसई
मास्तरांना दोन ठोक्यांचं पटलं, कारण कागद त्यांचाच आहे 😀 कीबोर्डवाला मात्र ट्रान्सपोज सोडायला तयार नाही. त्याच्याशी उद्या बोलते. तोवर तीव्र मध्यमाची जागा कशी पक्की करायची ते सांगा.

गायकी_सांगली
बिहाग!

टेनर_नाशिक
आधी शब्द न घेता फक्त ते तीन सूर 'नू' वर, कीबोर्ड बंद ठेवून. मग आल्टोला सोबत घ्या, मग शब्द. आणि दम तुटणार असेल तर सगळ्यांनी एकदम श्वास घेऊ नका, शेजारचीने घेतला की आपण धरायचा.