माणसाळलेली, सरावलेली की सोकावलेली?

अलास्कातल्या काटमाई राष्ट्रीय उद्यानातल्या अस्वलांवर लिहितोय. जुलैत ब्रूक्स धबधब्यावर ती सामन मासे पकडतात आणि बघ्यांकडे ढुंकूनही पाहत नाहीत. मी ‘माणसाळलेली’ लिहिलं, पण पटत नाही. दुसरा शब्द?

— ‘माणसाळलेली’ नकोच. माणसाळण्यात लळा आला. ही अस्वलं माणसाला मोजतच नाहीत. माणूस दिसला की बुजायचं, ते थांबलं, एवढंच. ‘सरावलेली’ म्हणा. ‘निर्ढावलेली’ही नको, त्याला गुन्ह्याचा वास येतो.

— सहमत, पण ‘सोकावलेली’ हाताशी ठेवा. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो, त्यातलं सोकावणं. माणसापाशी खायला मिळतं हे ज्याला कळलं, ते अस्वल सोकावलं. अमेरिकेतल्या येलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात अस्वलं वर्षानुवर्षं उकिरड्यांवर जेवली. १९७० च्या सुमारास उकिरडे बंद झाले, तेव्हा ती माणसांच्या वस्तीकडे वळली आणि कित्येक मारली गेली. ब्रूक्सला अस्वलापासून ५० यार्ड लांब राहायचं, हा नियम अस्वल सरावलेलं असलं तरी लागू. खाणं उघड्यावर ठेवायचं नाही, तो मात्र ते सोकावू नये म्हणून.

फरक लख्ख कळला. आता गरुड. घरट्याबाहेर आलेलं, पण उडणं अजून कच्चं, अशा पिल्लाला काय म्हणू? ‘पंख फुटलेलं’ लिहिलं तर वाचक हसतील.

— हसतीलच, पंख आपण आगाऊ पोरांना फुटवतो! बाल्ड ईगलचं, म्हणजे तिकडच्या पांढऱ्या डोक्याच्या गरुडाचं, पिल्लू आधी फांद्यांवर उड्या मारत पंख फडफडवतं, साधारण १० ते १२ आठवड्यांचं झालं की झेप घेतं. त्यानंतरही काही आठवडे आईबापच खाऊ घालतात. सगळं एका शब्दात कोंबू नका. ‘फांदीवर आलेलं पिल्लू’, मग ‘उडू लागलेलं पिल्लू’. ‘छोटा गरुड’ तर अजिबात नको. लांब पिसांमुळे पहिल्या वर्षी ते आईबापांहून मोठंच दिसतं. डोकं पांढरं व्हायला चार-पाच वर्षं लागतात. तोवर ‘अप्रौढ’ म्हणा, जरा पुस्तकी आहे, पण चुकीचा नाही.

— आणि ‘टकला गरुड’ कुठे लिहिलं असेल तर आधी खोडा. त्या ‘बाल्ड’चा जुना अर्थ पांढऱ्या डोक्याचा. टकलाचा संबंध नाही.

खोडलं, शीर्षकातच होतं! ‘माणसाळलेली’ बारा ठिकाणी निघालं. नऊ जागी ‘सरावलेली’ बसलं, उरलेल्या तिन्ही जागी खरं तर ‘सोकावलेली’च हवं होतं.