शब्दचर्चा : ‘उत्तरदायित्व’ म्हणजे नंतर फेडायचं कर्ज?

नौपाडा

ठाण्यात स्टेशनच्या बाजूला एका अभ्यासिकेत मी शनिवार-रविवार स्पर्धा परीक्षेच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवते. गेल्या आठवड्यात सराव पेपरात ‘राजकोषीय उत्तरदायित्व कायदा, २००३ : टीप लिहा’ असा प्रश्न दिला होता. सरकारची तूट आणि कर्ज आवाक्यात ठेवण्यासाठी केंद्राने केलेला हा कायदा. एका मुलाच्या उत्तराची पहिली ओळ अशी : ‘उत्तरदायित्व म्हणजे सरकारने नंतर फेडायचे कर्ज.’ मी लाल पेनाने फुली मारली, पुढच्या पानावर गेले आणि परत मागे आले. कारण पुढचं सगळं उत्तर त्या एका चुकीवर अगदी सुसंगत उभं होतं.

त्याला बोलावून विचारलं, तर त्याने फोनवर एक बातमी दाखवली. ठेकेदारांची बिलं थकली आहेत, पालिकेच्या डोक्यावर ‘दायित्व’ वाढलंय. दायित्व म्हणजे देणं, हे त्याला बातम्यांनीच शिकवलेलं. आणि ‘उत्तर’ म्हणजे नंतरचं : उत्तरार्ध, उत्तररात्र, उत्तराधिकारी. दोन्ही पायऱ्या बरोबर, पोचला मात्र भलतीकडे.

मी त्याला सांगितलं ते असं. दायी म्हणजे देणारा : सुखदायी, फलदायी. दायित्व म्हणजे देणारेपण, म्हणून हिशेबात ते ‘देणं’ झालं. उत्तरदायी म्हणजे उत्तर देणारा, ज्याला विचारता येतं असा. इथलं ‘उत्तर’ उत्तरपत्रिकेतलं, उत्तररात्रीतलं नव्हे. मुलाला पटलं. पण त्याने विचारलं, “मॅडम, मग सरळ जबाबदारी का नाही म्हणत?” याचं चांगलं उत्तर मला तिथल्या तिथे सुचलं नाही. म्हणून इथे विचारते. ‘राजकोषीय जबाबदारी’ म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?

सानपाडा

ताई, मी कायद्याच्या कागदांचं भाषांतर करून पोट भरतो, त्यामुळे हा शब्द रोज हाताखालून जातो.

आधी गंमत म्हणून नव्हे, खरंच महत्त्वाचं म्हणून सांगतो : ‘जबाबदार’ची बांधणी हुबेहूब तीच आहे. अरबी जवाब, त्याला फारसी ‘दार’. म्हणजे जबाब ज्याच्याकडे आहे तो. दोन्ही शब्दांच्या पोटात एकच क्रिया आहे, विचारल्यावर उत्तर देणं. शंभर वर्षांपूर्वी ‘जबाबदार राज्यपद्धती’ म्हणत, तेव्हा लोकांनी निवडलेल्यांपुढे उत्तर द्यायला बांधलेलं सरकार हाच अर्थ कानाला लागत असे. आता ‘घराची जबाबदारी’, ‘जबाबदारीने वाहन चालवा’ म्हणून म्हणून त्यातला जबाब झिजला. तो जिवंत राहिलाय पोलीस ठाण्यात : जबाब नोंदवला, जबाब फिरवला.

या कायद्याला तो झिजलेला अर्थ चालत नाही. यात तुरुंग नाही, दंड नाही. तूट ठरलेल्या रेषेबाहेर गेली तर अर्थमंत्र्यांनी संसदेच्या दोन्ही सभागृहांत निवेदन करायचं : का गेली, किती गेली, आता काय करणार. दर सहामाहीला जमाखर्चाचा आढावा सभागृहापुढे ठेवायचा. अर्थसंकल्पाबरोबर पुढच्या वर्षांचं धोरण सांगणारी विवरणपत्रं मांडायची. म्हणजे शिक्षा काय, तर उत्तर देणं. म्हणून मला ‘उत्तरदायित्व’ इथे नेमका वाटतो. जड आहे, पण नेमका आहे. तुमच्या विद्यार्थ्याला सांगा की हा कायदा कर्ज काढू नका म्हणत नाही, काढलंत तर का ते सांगा म्हणतो.

कोषागारात होतो

मी बत्तीस वर्षं शासनाच्या लेखा शाखेत काढली, शेवटची काही ठाण्यात. ‘उत्तरदायित्व’वर सानपाडांनी लिहिलंय त्यात भर नाही. मला ‘राजकोषीय’बद्दल लिहायचंय, कारण तिथे वर्तमानपत्रं रोज घोळ करतात.

वित्तीय म्हणजे पैशाच्या व्यवहाराचं कुठलंही : बँक ही वित्तीय संस्था, विमा कंपनीसुद्धा. राजकोषीय म्हणजे राजाच्या कोषाचं, सरकारी तिजोरीचं. तेव्हा तूट ‘राजकोषीय’ म्हणावी. ‘वित्तीय तूट’ रूढ झालंय, त्याला माझा विरोध नाही, पण परीक्षेत मुलांनी ‘राजकोषीय’ लिहावं.

आणि तूट म्हणजे तोटा नव्हे, हे फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा. तोटा धंद्यात होतो, खोट व्यापाऱ्याला बसते. तूट म्हणजे हातातलं आणि लागणारं यांतलं अंतर. एकूण खर्चातून महसुली जमा (कर, शुल्क वगैरे) आणि कर्ज सोडून इतर भांडवली जमा (मालमत्ता विकून किंवा दिलेली कर्जं परत येऊन मिळालेली) वजा केली की उरते ती राजकोषीय तूट. म्हणजे त्या वर्षी जितकं उसनं काढावं लागणार तितका आकडा. महसुली तूट निराळी : पगार, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदानं असा रोजचा खर्च रोजच्या उत्पन्नाच्या वर गेला की ती. घर बांधायला कर्ज काढलं तर पहिली वाढते. किराणा भरायला काढलं तर दोन्ही वाढतात. २००३ च्या कायद्याने आणि त्याखालच्या नियमांनी मुळात महसुली तूट पूर्ण मिटवायची आणि राजकोषीय तूट सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ३ टक्क्यांवर आणायची असं ठरवलं होतं. महसुली तूट मिटवण्याचं लक्ष्य पुढे २०१८ च्या दुरुस्तीत गळलं. मला ते तेव्हाही बरं वाटलं नाही, आजही वाटत नाही. किराण्याचं कर्ज हेच खरं दुखणं आहे.

वर मी ‘उसनं’ लिहिलं, ते चुकलंच. शेजारणीकडून वाटीभर साखर आणली ते उसनं, वाटीच परत जाते, व्याज नाही. सरकार काढतं ते कर्ज. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पी अंदाजात एकूण खर्च ५०.६५ लाख कोटी आणि त्यातलं नुसतं व्याज १२.७६ लाख कोटी आहे. रुपयातले चार आणे मागच्या कर्जाच्या व्याजाला. हे व्याज राजकोषीय तुटीतून वजा केलं की राहते ती प्राथमिक तूट, म्हणजे मागचं ओझं बाजूला ठेवून या वर्षी आपण स्वतः किती बिघडवलं ते.

ऐरोली

वकिली करते. ‘दाय’ शब्द आला म्हणून राहवलं नाही.

दाय म्हणजे वारशाने येणारा हिस्साही. दायाद म्हणजे भाऊबंद, हिस्सेदार. दायभाग हा वारसाहक्काच्या वाटणीचा शास्त्रशब्द. आणि वारशात नुसती मालमत्ता येत नाही, ऋणही येतं. बापाचं कर्ज मुलाने फेडायचं, ते त्याचं धर्मकर्तव्य, ही कल्पना आपल्या न्यायालयांनी कितीतरी वर्षं मानली. २००५ च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्तीने ती बंद केली. त्यानंतर काढलेल्या कर्जासाठी केवळ धर्मकर्तव्य म्हणून मुला-नातवावर दावा लावता येत नाही.

घरात हे झालं. देशाच्या बाबतीत तसं होऊ शकत नाही. आज काढलेले तीस-चाळीस वर्षं मुदतीचे सरकारी रोखे आज शाळेत असलेली मुलं फेडतील, त्यांना नाही म्हणण्याची सोय नाही. म्हणून या २००३ च्या कायद्याच्या पहिल्याच ओळीत पिढ्यापिढ्यांमधल्या समन्यायाचा उल्लेख आहे. एवढ्या रुक्ष कायद्यात ते वाक्य वाचून मी थांबले होते. नौपाडाताई, तुमच्या विद्यार्थ्याने ‘नंतर फेडायचे कर्ज’ लिहिलं ते शब्दार्थाने चूक, पण कायदा ज्या काळजीतून आला ती त्याने बरोबर पकडली होती. अर्धा गुण तरी द्या.

घणसोली

प्रश्न आहे. सगळीकडे वाचतो की तुटीची मर्यादा ओलांडायला सरकारने ‘पळवाट’ वापरली. कायद्यातच पळवाट कशी काय ठेवतात? आणि अमेरिकेत कर्जाची मर्यादा वाढवली नाही तर सरकार बंद पडतं म्हणतात, तसं आपल्याकडे का नाही?

सानपाडा

दादा, ‘पळवाट’ हा शब्द इथे अन्यायाचा आहे. पळवाट ही कायदा करणाऱ्याच्या नजरेतून सुटलेली फट. इथे कायद्याने स्वतः दार ठेवलंय आणि कुठल्या वेळी उघडायचं तेही लिहिलंय : राष्ट्रीय सुरक्षा, युद्ध, राष्ट्रीय आपत्ती, शेतीचं उत्पादन आणि उत्पन्न कोसळणं, मोठ्या सुधारणांचा अनपेक्षित भार, वाढीचा वेग एकदम घसरणं. त्यातही वर्षाच्या लक्ष्यापेक्षा जास्तीत जास्त अर्धा टक्का. मी याला ‘मुभा’ म्हणतो. मुभा कुणीतरी देतं, तिला हद्द असते. फेब्रुवारी २०२० मध्ये ही मुभा घेऊन २०१९-२० चा तुटीचा अंदाज ३.३ वरून ३.८ टक्के केला. त्यानंतर महामारी आली आणि २०२०-२१ ची तूट ९.२ टक्क्यांवर गेली. तिथे अर्ध्या टक्क्याची मुभा कुठे पुरणार?

अमेरिकेत दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या आपल्या बातम्यांत एक होतात. खर्चाची मंजुरी वेळेत झाली नाही तर कार्यालयं बंद पडतात. कर्जमर्यादा संपली तर आधीच मंजूर झालेल्या खर्चासाठीही नवं कर्ज काढता येत नाही. ती मर्यादा १९१७ पासूनची, आकड्यात बांधलेली, म्हणून पुन्हापुन्हा वाढवावी लागते. २०११ मध्ये त्यांनी आपोआप कात्री लावणारा कायदा केला. त्या कात्रीला त्यांनी घेतलेला शब्द, ‘सिक्वेस्ट्रेशन’, मुळात ‘जप्ती’चा आहे. आपल्या संविधानात अनुच्छेद २९२ संसदेला अशी मर्यादा घालू देतो, आणि अनुच्छेद २९३ प्रमाणे केंद्राचं देणं शिल्लक असलेल्या राज्याला नवं कर्ज काढायला केंद्राची संमती लागते. आपण आकडा न बांधता देशाच्या उत्पादनाशी प्रमाण बांधलं : २०१८ च्या दुरुस्तीत केंद्राचं कर्ज ४० टक्के, केंद्र-राज्यं मिळून ६० टक्के, २०२४-२५ अखेरपर्यंत. तिथवर पोचलो नाही. आता केंद्राने मार्च २०३१ पर्यंत ५० टक्क्यांच्या आसपास असं नवं लक्ष्य सांगितलंय.

नौपाडा

सगळ्यांचे मनापासून आभार. अर्धा नाही, एक गुण दिला. फुलीशेजारी ‘उत्तर = जबाब’ लिहिलं.

‘वित्तीय शिस्त’बद्दल माझं एक. हिंदी-उर्दूत ‘शिस्त बाँधना’ म्हणजे बंदुकीचा नेम धरणं. आपल्याकडे शिस्त शाळेच्या रांगेत गेली. पण तुटीचं लक्ष्य ठेवणं, त्याच्यावर नजर ठेवणं, यात तो नेमाचा अर्थ मला जास्त कामाचा वाटतो. मुलांना तसंच सांगणार आहे. महाराष्ट्राचा स्वतःचा असा कायदा २००५ चा आहे, पुढच्या शनिवारी तो घेणार. राज्याच्या पुरवणी मागण्याही त्याच तासाला, कारण मुलांना पुरवणी म्हटलं की फक्त उत्तरपत्रिकेला बांधायचा जादा कागद आठवतो. मात्र खरं तर तेही फार लांब नाही, आधीचं पुरलं नाही म्हणून मागून घेतलेलं.

कोषागारात होतो

पुरवणीबरोबर ‘व्यपगत’ आणि ‘समर्पित’ही घ्या. ३१ मार्चला न खर्चलेला निधी व्यपगत होतो, म्हणून त्या रात्री आम्ही बिलांच्या गठ्ठ्यांत बसलेले असायचो, कधी कधी बारानंतरच शेवटचा शिक्का पडायचा. ज्या खात्याला आधीच कळतं की पैसे लागणार नाहीत, त्याने ते वेळेत समर्पित करायचे असतात. फार थोडी खाती करत. खर्चावर लगाम म्हणजे काय हे मुलांना कायद्यापेक्षा या दोन शब्दांतून लवकर कळेल.

आणि एक दुरुस्ती. मार्गदर्शक पुस्तकांत ‘संचित निधी’ छापतात, तो हिंदीतला शब्द. संविधानाच्या मराठी प्रतीत ‘भारताचा एकत्रित निधी’ आहे, म्हणजे केंद्राचा महसूल आणि कर्ज जिथे जमा होतं ती मुख्य तिजोरी. कर्ज काढायचं ते त्याच्याच तारणावर, अनुच्छेद २९२ पुन्हा एकदा बघा.