साडेचार महिन्यांचं बाळ सारखं दूध काढतं. अ‍ॅसिडिटीचं औषध चालू ठेवू का?

बाळ दीड महिन्याचं असल्यापासून दूध काढतंय, दिवसातून सात-आठ वेळा तरी. खांद्यावरचं फडकं कधी कोरडं नसतं. वजन व्यवस्थित वाढतंय, दूध आवडीने पितं. संध्याकाळी मात्र पाठ ताणून रडतं, म्हणून डॉक्टरांनी ओमेप्राझोल दिलं. उद्या तीन आठवडे होतील. दूध काढणं जसंच्या तसं. रडणं थोडं कमी झाल्यासारखं वाटतं, पण मी इतकी झोपेला आलेली असते की माझ्या वाटण्यावर माझाच भरवसा नाही.

दुसऱ्या डॉक्टरांना विचारलं तर त्या म्हणाल्या, "वजन वाढतंय ना, मग औषध कशाला?" आता घरातही दोन पक्ष पडलेत. औषधाने दूध काढणं थांबायला हवं होतं का, की डोस कमी पडतोय? मध्येच बंद केलं तर काही होतं का? शिवाय नात्यातल्या एकांनी डॉमपेरिडोनचे (उलटी थांबवायचं औषध) थेंब सुचवलेत. कुणाला माहिती असेल तर सांगा. डोस सांगू नका, तो डॉक्टरांनाच विचारेन.

प्रतिसाद १
ताई, डोसचा प्रश्न नसावा. ओमेप्राझोल जठरात आम्ल तयार होणं कमी करतं, दूध वर येणं थांबवत नाही. येतं तेवढंच, फक्त कमी आंबट. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचं स्नायूंचं कडं तान्हेपणी वारंवार सैल पडतं. चौथ्या महिन्याच्या सुमारास हा प्रकार सर्वात जास्त असतो, आणि बहुतेक बाळांचं वर्ष-सव्वा वर्षापर्यंत आपोआप थांबतं.

"रडणं कमी झाल्यासारखं" याबद्दल. २००९ मध्ये १६२ बाळांवर लॅन्सोप्राझोलची चाचणी झाली, ते ओमेप्राझोलच्याच गटातलं. अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना दिसायला तसंच पण बिनऔषधी. दोन्हीकडे ५४ टक्के बाळांत सुधारणा! २०१८ च्या युरोप-उत्तर अमेरिकेच्या मार्गदर्शक सूचनाही निरोगी बाळाला नुसत्या रडण्यासाठी किंवा दूध काढण्यासाठी ही औषधं देऊ नयेत असंच सांगतात. आम्ल कमी झालं की पोटाच्या आणि छातीच्या संसर्गाची शक्यता थोडी वाढते, म्हणून "असू दे चालू" हेही बरोबर नाही.

डॉमपेरिडोन मनाने अजिबात नको. हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो म्हणून युरोपात २०१४ मध्येच त्यावर निर्बंध आले.

एक गोष्ट डॉक्टरांना नक्की विचारा: गाईच्या दुधातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी. लक्षणं अगदी अशीच दिसतात. अंगावर पीत असेल तर आईने दोन ते चार आठवडे दुधाचे पदार्थ बंद करून पाहतात, वरचं दूध असेल तर वेगळा फॉर्म्युला देतात.

उलटी हिरवी असेल, रक्त दिसलं, जोरात फेकल्यासारखी होऊ लागली, वजन थांबलं किंवा दूध नाकारू लागलं तर धागा बाजूला ठेवून थेट दवाखाना.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत, पण औषधाला सरसकट नावं ठेवू नका. माझी मुलगी नऊ वर्षांची. छातीत जळजळ, गिळताना दुखायचं. दुर्बिणीच्या तपासणीत अन्ननलिकेला सूज दिसली. तिला आठ आठवडे हेच औषध दिलं, जेवणाआधी अर्धा तास, कॅप्सूलमधले दाणे न चावता. छान गुण आला. थांबवताना डॉक्टरांनी हळूहळू कमी केलं, कारण एकदम बंद केल्यावर काही दिवस आम्ल उसळू शकतं म्हणे. तेव्हा जळजळ झाली की आपल्याला वाटतं, आजार परतला.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. पहिल्या डॉक्टरांशीच बोलले. दूध काढणं थांबणार नाही हे त्यांनी तेव्हा सांगितलं होतं म्हणे, मी ऐकलंच नसणार. चार आठवडे झाले की ते बंद कसं करायचं सांगणार आहेत, आणि उद्यापासून माझं दूध-दही-पनीर बंद. फडकी मोजणं सोडलंय, आता रडण्याची मिनिटं लिहितेय. काल चाळीस.